पॉप, रॉक अँड रोल आणि भावगीत : काही संज्ञांची चिकित्सा

१

संगीताचा रसिक ज्या संज्ञांनी आपली आवड सांगतो, त्या वरवर पाहता वर्णनपर असतात. प्रत्यक्षात त्या मूल्यनिर्णय करीत असतात. ‘पॉप’ आणि ‘रॉक अँड रोल’ ही जोडी याचे ठळक उदाहरण होय. चाल, ताल, वाद्यमेळ यांच्या आधारे या दोहोंत रेषा ओढू गेल्यास ती फार काळ टिकत नाही. विजेवरची गिटार, ड्रमचा संच आणि तीन-चार मिनिटांचा आवाका दोन्हीकडे आढळतो. तरीही रसिकाला भेद निःसंशय जाणवतो. ‘हे पॉप आहे’ असे म्हणताना त्याला बहुधा ‘हे खपावे म्हणून घडविलेले आहे’ असे म्हणावयाचे असते. ‘हे रॉक आहे’ असे म्हणताना ‘हे गाणाऱ्याचे स्वतःचे आहे’ असे. म्हणजेच हा भेद नादरूपाचा नसून गायक, गीत, पैसा आणि श्रोता यांच्या परस्परसंबंधांविषयीचा एक दावा आहे. हा दावा कितपत टिकतो, आणि मराठी गीताच्या विचारात तो कोणत्या वेषात वावरतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

२

या जोडीचा मूळ अर्थ आजच्या रसिकाच्या मनात असलेल्या अर्थाहून वेगळा होता. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ या व्यापारी पत्राने १९४९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या ध्वनिमुद्रिकांसाठी रूढ असलेली वंशवाचक संज्ञा टाकून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ ही संज्ञा स्वीकारली. खपाच्या याद्या वेगळ्याच राहिल्या. गोऱ्या बहुसंख्याकांची यादी ती ‘पॉप’. इतरांच्या याद्यांना मात्र विशेषण हवे. १९५४ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीने ‘सन’ कंपनीसाठी जे पहिले गाजलेले गीत ध्वनिमुद्रित केले, ते आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचे होते. रॉक अँड रोल म्हणजे प्रारंभी या दोन याद्यांमधील भिंतीला पडलेले भगदाड होते. पॉप आणि रॉक यांना ‘बाजारू’ आणि ‘अस्सल’ हे अर्थ चिकटले ते नंतर, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तोवर रॉक हे प्रामुख्याने गोऱ्या सुशिक्षित तरुणांचे संगीत झाले होते.

सायमन फ्रिथ यांनी ‘साउंड इफेक्ट्स’ (१९८१) या ग्रंथात रॉक हेही उद्योगाचेच उत्पादन असल्याचे साधार दाखविले. केलेफा सॅने यांनी २००४ मध्ये ‘रॉकिझम’ या अभिरुचीवर केलेली टीका त्याच दिशेची होती. तथापि दावा खोटा ठरला म्हणून निरर्थक ठरत नाही. श्रोता त्या दाव्याच्या आधारे स्वतःला ओळखतो. म्हणून ‘रॉक अस्सल आहे काय?’ यापेक्षा ‘अस्सलपणाची मागणी कोण, कोणाकडे करतो?’ हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

३

मराठीत ही जोडी जशीच्या तशी नाही; तिचे कार्य मात्र आहे. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी मांडताना लोकसंगीत आणि कलासंगीत यांहून वेगळी ‘जनसंगीत’ ही कोटी मानली. या शास्त्रीय दृष्टीने भावगीत आणि भीमगीत ही दोन्ही जनसंगीतातच मोडतील, कारण दोहोंचा प्रसार ध्वनिमुद्रण व माध्यमे यांच्याद्वारे झाला. व्यवहारातील संज्ञा मात्र निराळेच सांगतात. मध्यमवर्गीय श्रोत्याच्या गीताला ‘भावा’चे नाव मिळाले, इतरांची गीते समाजाच्या अथवा प्रसंगाच्या नावाने ओळखली गेली : कोळीगीत, भीमगीत, लग्नगीत. जणू भाव हा एकाच गीतप्रकाराचा व्यवच्छेदक धर्म असावा! ‘बिलबोर्ड’च्या याद्यांतील रचना येथे वेगळ्या सामाजिक भूमीवर पुन्हा दिसते. ज्याला विशेषण लागत नाही, ते सर्वांचे मानले जाते.

भावगीताचा अस्सलपणाही तपासून पाहण्याजोगा आहे. एच. एम. व्ही. ही ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायात जवळजवळ एकाधिकार असलेली कंपनी आणि आकाशवाणी ही शासकीय संस्था, या दोहोंच्या आश्रयाने भावगीत वाढले. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’ची ५६ गीते हा या व्यवस्थेचाच परिपाक. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या निर्मितीचे मोल यामुळे कमी होत नाही. परंतु माध्यम आणि व्यवसाय यांचा हात लागला की गीत बाजारू होते, हा निकष भावगीताला कोणी लावीत नाही, आणि कॅसेटवरच्या गीताला तो ताबडतोब लावला जातो, ही विसंगती नोंदवली पाहिजे.

४

१९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि एच. एम. व्ही.चे वर्चस्व मोडले. पीटर मॅन्युएल यांच्या ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथाचा हाच विषय आहे. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचा आवाज या काळात घरोघरी पोचला. आषाढीला बोरिवलीच्या गृहनिर्माण संस्थेत त्यांची विठ्ठलगीते लागतात. १४ एप्रिलला घाटकोपरच्या वस्तीत त्यांचीच भीमगीते लागतात. आवाज एक, यंत्र एक, व्यवसायही एक. तरी पहिल्या श्रोत्याला त्यांच्या गायनाचा दुसरा भाग अनेकदा ठाऊकही नसतो.

येथे पॉप-रॉक ही जोडी अपुरी पडते. निर्मितीच्या पद्धतीने पाहिल्यास भीमगीताची कॅसेट पूर्णतः ‘पॉप’ आहे : ती जयंतीच्या हंगामासाठी निघते आणि चित्रपटाच्या चालीही निःसंकोच उचलते. दाव्याच्या दृष्टीने ती ‘रॉक’हून अधिक रॉक आहे, कारण ऐकणाऱ्याच्या माणूसपणाचाच उच्चार तीत असतो. बाजाराने दिले म्हणून ते श्रोत्याचे नव्हते असे होत नाही. उलट, आकाशवाणी आणि नाट्यगृह यांनी ज्याला पुरेशी जागा दिली नाही, त्याला ती बाजाराने दिली. बाजार म्हणजे केवळ भ्रष्टता, ही धारणा ज्याला अन्य दारे उघडी आहेत त्यालाच परवडते.

५

शाहिराकडूनही अशाच शुद्धतेची अपेक्षा केली जाते. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. लाल बावटा कलापथकाची शाहिरी हा मराठी समीक्षेने मान्य केलेला वारसा आहे. त्याच परंपरेतील विलास घोगरे हे मुलुंडच्या झोपडवस्तीत राहणारे शाहीर. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटात त्यांचे गीत ऐकू येते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. चार दिवसांनी घोगरे यांनी आपले जीवन संपविले. डाव्या चळवळीच्या या शाहिराने अखेरच्या क्षणी निळे वस्त्र डोक्याला बांधले होते.

एका माणसाच्या मृत्यूचे सिद्धान्तासाठी उदाहरण करणे उचित नव्हे. परंतु त्याच्या गाण्याला लावलेल्या संज्ञांची तपासणी टाळणे हेही उचित नव्हे. ‘क्रांतिकारी गीत’ आणि ‘जातीय अस्मितेचे गीत’ असे कप्पे करणाऱ्या समीक्षेने ज्या रंगांना परस्परविरोधी मानले, ते एकाच गायकाच्या आयुष्यात एकत्र नांदत होते. पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटाचे शीर्षकच या दोन अभिवादनांना शेजारी बसविते. संज्ञा शुद्ध ठेवण्याची किंमत गाणाऱ्याने मोजावी, अशी अपेक्षा कोणती समीक्षा करू शकते?

६

मुंबईत रॉकला आणखी एक अर्थ चिकटला. १९८६ मध्ये रंगभवनात सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावरही भरला. तेथील गाणे मुख्यतः इंग्रजी होते. १९९५ च्या ‘मेड इन इंडिया’नंतर फोफावलेले पॉप हिंदी होते. येथे अस्सलपणा आणि इंग्रजी शिक्षण यांची गल्लत होणे सोपे होते. २०१५ मध्ये अंधेरीच्या जे. बी. नगरातील डिव्हाइन आणि कुर्ल्याच्या नेझी यांच्या ‘मेरे गली में’ने ही गल्लत उघडी पाडली. परंतु त्यांच्या गाण्यालाही लगेच ‘गली’चे विशेषण चिकटले, आणि ‘गली बॉय’ (२०१९) प्रदर्शित झाल्यावर ‘आता ते बाजारू झाले काय?’ हा जुनाच प्रश्न पुन्हा आला.

तात्पर्य, संज्ञा टाकून द्याव्यात असे नाही. त्यांच्यावाचून रसिकाला बोलता येणार नाही. त्या संगीताविषयी जितके सांगतात, त्याहून अधिक त्या वापरणाऱ्याच्या सामाजिक स्थानाविषयी सांगतात, एवढे भान समीक्षेने ठेवावे. मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरातील भावगीतांची मैफल आणि रमाबाई नगरातील जयंतीची रात्र यांत भाव कोठे अधिक आहे, हा प्रश्न चुकीचा आहे. एकीला भावाचे आणि दुसरीला समाजाचे नाव कोणी दिले, हा प्रश्न योग्य आहे. आणि मराठी गीताच्या इतिहासलेखनाला तो टाळता येणार नाही.