कृष्णविवराचे परिवलन : मोजलेले की मानलेले?

सक्रिय दीर्घिकांच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवरांविषयी लिहिताना 'हे कृष्णविवर जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरते' असे वाक्य सर्रास वापरले जाते. २०१३ साली एनजीसी १३६५ या दीर्घिकेबाबत तसेच झाले. वर्गात हे वाक्य सांगण्यापूर्वी त्यात निरीक्षण किती आणि अनुमान किती, हे तपासायला हवे.

कृष्णविवरातून क्ष-किरण बाहेर पडत नाहीत. ते येतात त्याच्याभोवतीच्या तप्त वायूपासून. या वायूच्या तबकडीवर क्ष-किरण पडले की तिच्यातील लोहाचे अणू ६.४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे क्ष-किरण सोडतात. प्रयोगशाळेत ही वर्णरेषा अरुंद असते. तबकडीत मात्र आपल्याकडे येणाऱ्या वायूच्या किरणांची ऊर्जा वाढते, दूर जाणाऱ्याची घटते. शिवाय तीव्र गुरुत्वाकर्षणातून निसटताना सर्वच किरण ऊर्जा गमावतात. परिणामी रेषा रुंदावते आणि कमी ऊर्जेकडे तिला लांब शेपूट येते. जपानच्या 'आस्का' उपग्रहाला एमसीजी-६-३०-१५ या दीर्घिकेत अशीच रेषा आढळली. तानाका व सहकाऱ्यांनी ती १९९५ साली प्रसिद्ध केली.

येथून परिवलनाकडे कसे जातात? कृष्णविवर फिरत नसेल, तर तबकडीची आतील कड त्याच्या त्रिज्येच्या तिप्पट अंतरावर असते. ते वेगाने फिरत असेल तर ती आणखी आत सरकते. शेपटीवरून कड, आणि कडेवरून परिवलन. पण शेपूट किती लांब, हे तिच्याखालचा अखंड वर्णपट कसा मानला यावर अवलंबून असते.

म्हणूनच शंका निघाल्या. १९९८ साली पुण्याच्या 'आयुका'तील मिश्रा आणि केंभावी यांनी दाखवले की, इलेक्ट्रॉनांच्या दाट ढगात किरण विखुरले तरीही रेषा रुंदावू शकते. ही कल्पना तपासता येण्याजोगी होती, हे तिचे मोल. असा ढग असेल तर उच्च ऊर्जेचे क्ष-किरणही क्षीण झाले पाहिजेत. 'बेप्पोसॅक्स' उपग्रहाला तसे आढळले नाही व ती कल्पना मागे पडली. २००८ मध्ये मिलर, टर्नर आणि रीव्हज यांनी दुसरा पर्याय मांडला : वाटेतील वायूचे ढग काही किरण शोषतात, आणि त्यामुळे वर्णपट वाकून शेपटीचा भास होतो.

२०१३ साली रिसालिती व सहकाऱ्यांनी 'नूस्टार' दुर्बिणीच्या आधारे, एनजीसी १३६५ मध्ये केवळ शोषण पुरेसे नाही आणि परिवलन कमालीच्या किमान ८४ टक्के आहे, असा निष्कर्ष काढला. हे ८४ टक्के सिद्धांताने शक्य असलेल्या कमाल परिवलनाशी असलेले प्रमाण आहे. प्रकाशाच्या वेगाचे नव्हे. मिलर आणि टर्नर यांनी त्याच वर्षी आक्षेप घेतला की, तोच वर्णपट विखुरलेल्या किरणांनीही समजावता येतो.

माझ्या मते तबकडीची बाजू वरचढ आहे, कारण तिला वर्णपटाबाहेरचाही आधार आहे. २००९ साली १एच ०७०७-४९५ या दीर्घिकेत तबकडीवरून परावर्तित झालेले मानले जाणारे किरण मूळ किरणांपेक्षा सुमारे ३० सेकंद उशिरा येताना आढळले. ३० सेकंदांत प्रकाश ९० लाख किलोमीटर जातो. म्हणजे ही परावर्तनाची जागा कृष्णविवराच्या अगदी लगतची असावी. या विलंबाच्या अर्थाविषयीही वाद झालेच. २०२३ साली सोडलेल्या 'क्रिझम' उपग्रहामुळे दूरच्या वायूच्या अरुंद रेषा वेगळ्या काढून रुंद रेषा नीट तपासता येते. तरीही परिवलनाचा आकडा तबकडीची कड सिद्धांत सांगतो तेथेच आहे, या गृहीतावर उभा राहतो.

विद्यार्थ्यांना आकडा पाठ करायला देण्याऐवजी आलेख दाखवावा, दोन्ही स्पष्टीकरणे सांगावीत आणि विचारावे : यांतील एक खोटे ठरवायचे तर कोणते निरीक्षण घ्याल?