ऐकणाऱ्याचा कान : वेल्श भाषा, उच्चार आणि अभिवृत्ती

भाषेविषयीची अभिवृत्ती मोजता येते, या गृहीतावर उच्चारसंशोधनाची एक दीर्घ परंपरा उभी आहे. वॉलेस लॅम्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये मॉन्ट्रियलच्या अभ्यासात वापरलेल्या तंत्रात एकच द्विभाषिक वक्ता तोच उतारा दोन भाषांत वाचतो. श्रोत्यांना मात्र ते दोन निराळे वक्ते वाटतात. हे तंत्र १९७० नंतर वेल्समध्ये आले, तेव्हा तेथील प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. १९७१ च्या जनगणनेत वेल्शभाषकांचे प्रमाण सुमारे २१ टक्के होते. २०२१ मध्ये ते १७.८ टक्क्यांवर आले. ज्यांना वेल्श येत नाही अशा बहुसंख्यांचे वेल्शपण त्यांच्या इंग्रजीच्या वळणातूनच व्यक्त होणार. तेव्हा श्रोता कौल देतो तो भाषेला की उच्चाराला, हा भेद येथे टाळता येत नाही.

रिचर्ड बूरी व हॉवर्ड जाइल्स यांचा १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेला कार्डिफच्या नाट्यगृहातील प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना एक प्रश्नावली भरून देण्याची विनंती केली गेली: कधी प्रतिष्ठित इंग्रजी उच्चारात, कधी सौम्य तर कधी ठसठशीत वेल्श वळणाने, आणि वेल्श नाटकाच्या प्रेक्षकांसाठी वेल्शमध्येही. इंग्रजी चित्रपटाच्या प्रेक्षकांनी ठसठशीत वळणाला सर्वांत कमी प्रतिसाद दिला. वेल्श नाटकाच्या द्विभाषिक प्रेक्षकांनी वेल्श विनंतीला सर्वाधिक, तर प्रतिष्ठित उच्चाराला सर्वांत कमी दाद दिली. विशेषणांच्या मापपट्टीवर खूण करणे सोपे. जागेवरून उठून कागद भरायला जाणे हा निराळाच पुरावा होय.

असे असले तरी या प्रयोगात ‘वेल्श’ एकजिनसी मानली गेली, ही उणीव राहतेच. ‘आता’ या अर्थी दक्षिणेत ‘नाउर’ व उत्तरेत ‘रूआन’ म्हणणाऱ्या भाषेत कोणत्या प्रदेशाचा आवाज लावला, हा प्रश्न गौण नव्हे. इंग्रजीच्या छटा बारकाईने वेगळ्या काढणारे संशोधक वेल्शच्या छटांपाशी थांबतात. प्रमाणतेची सवय अशी अभ्यासकाच्या कानातही शिरलेली असते.

या तंत्राचा दुसरा आधार म्हणजे ‘तटस्थ’ उतारा. साहित्याच्या अभ्यासकाला तो संशयास्पद वाटावा हे स्वाभाविक आहे. पीटर गॅरेट, निकोलस कूपलंड आणि अँजी विल्यम्स यांनी आपल्या संशोधनात (ग्रंथरूप २००३) तो बाजूला ठेवून वेल्समधील किशोरवयीन मुलांनी स्वतः सांगितलेल्या गोष्टी ऐकवल्या. तेथे उच्चार, प्रसंग आणि सांगण्याची हातोटी यांना श्रोता एकत्रच तोलतो. प्रयोगशाळेची शिस्त यात सैल होते हे खरे. परंतु निवेदकाचा आवाज कथनापासून सोलून काढता येतो, हा भ्रमही त्याबरोबर गळून पडतो.

बूरी-जाइल्स यांच्याच १९७७ च्या अभ्यासात वेल्श शिकणाऱ्या प्रौढांना, ही भाषा मरणपंथाला लागली असताना ती का शिकता, असे प्रतिष्ठित इंग्रजी उच्चारात विचारण्यात आले. वेल्शपणाशी मनाने बांधलेल्या विद्यार्थ्यांची उत्तरे इंग्रजीतच आली, पण त्यांचे वेल्श वळण एकाएकी गडद झाले. अशी अभिवृत्ती अगोदर कोठे साठवलेली होती, याचे उत्तर कोणत्याही मापपट्टीजवळ नाही.