‘तृतीय रत्न’ : प्रौढशिक्षणाच्या विद्यापीठीय अभ्यासातून निसटलेली एक संहिता

प्रस्तावना

महात्मा जोतीराव फुले यांनी इ. स. १८५५ मध्ये लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकाचा विचार मराठी समीक्षेने मुख्यतः दोन अंगांनी केला आहे. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ (१८४३) आणि वि. ज. कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) या दोन नाटकांच्या दरम्यान त्याचे स्थान कोणते, तसेच आद्य स्वतंत्र सामाजिक नाटकाचा मान त्याला द्यावा किंवा कसे, हा पहिला वाद होय. दुसरे अंग भटशाहीच्या चिकित्सेचे आहे. ही दोन्ही अंगे महत्त्वाची असली तरी नाटकाचा शेवट त्यांत काहीसा बाजूस पडतो. शेवटी कुणबी व त्याची पत्नी फुले दांपत्याने प्रौढांसाठी चालविलेल्या शाळेत जाण्याचे ठरवितात. अशिक्षित प्रौढ मनुष्य शिकण्यास का निघतो, या प्रश्नाला आधुनिक मराठीत प्रथमच इतके सविस्तर उत्तर देणारी ही संहिता आहे. प्रौढशिक्षण हा विषय विद्यापीठांत शिकविला जात असताना ती साहित्य विभागाच्याच कपाटात राहावी, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे.

संहितेचा प्रवास

हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविण्यात आले होते. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारले गेले, असे फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) मध्ये नमूद केले आहे. त्यानंतर छापील स्वरूपात वाचकांपुढे येण्यास १९७९ साल उजाडले. ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकाने ते प्रसिद्ध केले. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी बोलीच्या संवादात लिहिलेली संहिता प्रथम विद्वानांच्या कमिटीपुढे गेली आणि एकशेचोवीस वर्षांनी पुन्हा विद्वानांच्याच हाती आली. नाटक हा निरक्षरालाही ऐकता व पाहता येणारा प्रकार आहे. अक्षराकडे नेण्यासाठी अक्षराची गरज नसलेले माध्यम फुल्यांनी निवडले. पुढे सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे आणि साक्षरता मोहिमेच्या काळात १९९० मध्ये निघालेला भारत ज्ञान विज्ञान जथा हे सर्व याच वाटेने गेले.

शिकण्याचा क्षण

नाटकाचे कथानक अगदी साधे आहे. कुणब्याच्या घरी भिक्षेच्या निमित्ताने जोशी येतो. घरातील स्त्री गर्भवती आहे. ग्रहपीडेचे भय घालून जोशी तिच्याकडून अनुष्ठान व ब्राह्मणभोजन कबूल करून घेतो. खर्चापायी दांपत्य कर्जात उतरते. पुढे पाद्र्याशी झालेल्या संभाषणातून आपण फसलो, आणि ही फसवणूक एका जोशाची नसून एका व्यवस्थेची आहे, याची त्यांना जाणीव होते. विद्या हेच ‘तिसरे रत्न’, म्हणजे जे दिसत नव्हते ते दाखविणारा तिसरा डोळा, या निष्कर्षाशी नाटक येते.

येथे क्रम लक्षात घेतला पाहिजे. प्रथम कर्ज, मग फसवणुकीचे भान, आणि सर्वांत शेवटी अक्षर. प्रौढ साक्षरतेच्या सरकारी कार्यक्रमांत हा क्रम बहुधा उलटा असतो. तेथे अक्षर आधी येते आणि भान ‘जाणीवजागृती’ या नावाने, वेळ उरल्यास, नंतर येते. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने गावेच्या गावे साक्षर केली, ग्रामगौरव समारंभ झाले. परंतु शिकलेले अक्षर टिकविण्याचा प्रश्न त्यानंतरच्या प्रत्येक मोहिमेपुढे कायम राहिला. त्याचे एक उत्तर या नाटकाच्या क्रमात आहे. ज्या अक्षराच्या मागे स्वतःची निकड नाही, ते विसरण्यास फारसा वेळ लागत नाही.

विद्यापीठीय अभ्यासक्रमात हा क्षण अज्ञात नाही. अमेरिकन अभ्यासक जॅक मेझिरो यांनी १९७८ मध्ये, खंडानंतर पुन्हा महाविद्यालयात येणाऱ्या स्त्रियांच्या अभ्यासावरून, प्रौढाचे परिवर्तनशील अध्ययन एखाद्या गोंधळात टाकणाऱ्या पेचप्रसंगातून सुरू होते, असे मांडले. प्रौढशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना हा सिद्धान्त पाठ असतो. कुणबी दांपत्याचा पेच मात्र निराळ्या जातीचा आहे. मेझिरोंच्या मांडणीत व्यक्ती आपल्या गृहीतकांकडे वळून पाहते. फुल्यांच्या नाटकात ती गृहीतके मुळात कुणब्याची नाहीत, ती त्याच्यावर लादलेली आहेत, आणि ती टिकवून ठेवण्यात दुसऱ्या कोणाचा तरी रोजचा लाभ आहे. परिवर्तनाची बाब येथे केवळ मनातली राहत नाही, ती घरातल्या धान्याची व डोक्यावरच्या कर्जाची होते. मेझिरोंच्या सिद्धान्तावर पुढे जे प्रमुख आक्षेप घेतले गेले, त्यांत सत्तासंबंधांचा पुरेसा विचार नाही हा आक्षेप होताच. तो शिकविताना ‘तृतीय रत्न’ हे उदाहरण हाताशी असावयास हवे होते.

फुले आणि फ्रेअरी

फुल्यांना ‘भारताचे पावलो फ्रेअरी’ म्हणण्याची एक सवय अलीकडे दिसते. कालक्रमाचा विचार केला तरी ही उपमा उलटी आहे. ब्राझीलमधील आंगिकोस येथे फ्रेअरी यांनी शेतमजुरांच्या साक्षरतेचा प्रसिद्ध प्रयोग केला तो १९६३ मध्ये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही उपमा नाटकातील एक अडचण झाकते. फ्रेअरींच्या मते शिक्षकाने ज्ञान ठेवीप्रमाणे विद्यार्थ्याच्या खात्यात भरू नये, दोघांच्या संवादातून ते घडावे. ‘तृतीय रत्न’ मधील पाद्री मात्र बराच काळ भरणाच करीत असतो. तो सांगतो, कुणबी ऐकतो व पटवून घेतो. जोशाच्या अधिकाराची जागा येथे दुसरा अधिकार घेतो की काय, अशी शंका वाचकास येते. ही शंका रास्त आहे आणि फुल्यांच्या गौरवापोटी ती दडपण्याचे कारण नाही. कुणब्याला शेतीचे, हवामानाचे, बियाण्याचे जे ज्ञान आहे, त्याला या संवादात फारसे स्थान मिळत नाही.

या उणिवेची काहीशी भरपाई विदूषक करतो. तो कथानकात भाग घेण्याऐवजी मधूनमधून बोलतो, जोशाच्या शब्दांतील मेख उघडी करतो आणि प्रेक्षकाला हसवितो. पाद्र्याचे प्रवचन कुणब्यासाठी असते, विदूषकाचे टोमणे प्रेक्षकासाठी. कुणब्याच्या आधी प्रेक्षकाला फसवणूक कळते. हसणारा प्रेक्षक स्वतःच निष्कर्ष काढतो, त्याला तो कोणी दिलेला नसतो. तेव्हा संवादी शिक्षणाचा शोध घ्यावयाचा तर तो पाद्र्याच्या भाषणात न घेता या हसण्यात घेतला पाहिजे. नाट्यतंत्राच्या दृष्टीने विदूषकाची योजना ढोबळ वाटेल, परंतु अध्यापनतंत्राच्या दृष्टीने ती नाटकातील सर्वांत प्रगल्भ गोष्ट आहे.

व्याख्या बदलत गेल्या

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्ये अध्यापन व संशोधन यांबरोबर विस्तार हे विद्यापीठाचे तिसरे अंग मानले. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि विद्यापीठीय विभागांना बळ मिळाले. पुढे विभागांची नावे बदलली, ‘प्रौढ’ शब्द मागे पडून ‘आजीवन अध्ययन’ हा शब्द पुढे आला. मुंबई विद्यापीठातील विभाग आजीवन अध्ययन व विस्तार या नावानेच ओळखला जातो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यापर्यंत मात्र तो विषय बहुतेक वेळा विस्तारकार्याचे तास आणि त्यांचे वाढीव गुण या रूपातच पोहोचला, हे येथे ओघाने सांगावयास हरकत नाही.

नावाबरोबर आशयही सरकला. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनच्या कार्यात्मक साक्षरतेच्या व्याख्येत लेखन, वाचन व गणन यांतील स्वावलंबनापाठोपाठ एक विलक्षण अट होती. आपल्या वंचिततेची कारणे शिकणाऱ्याने जाणावीत आणि संघटित होऊन ती दूर करण्याकडे वळावे, अशी ती अट. ‘तृतीय रत्न’ चे सार एका वाक्यात सांगावयाचे झाले तर याहून निराळे शब्द वापरावे लागणार नाहीत. २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी पाच कोटी निरक्षरांचे उद्दिष्ट ठरवून आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पाच घटक आहेत : पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, महत्त्वाची जीवनकौशल्ये, व्यावसायिक कौशल्ये, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण. जीवनकौशल्यांत आर्थिक व डिजिटल साक्षरता येते, आरोग्य येते. कारणांचा उल्लेख मात्र येत नाही. कर्जाचा हप्ता कसा भरावा हे शिकविले जाईल, कर्ज का झाले हे शिकविण्याची सोय या पाच शीर्षकांत शोधावी लागते. या बदलाची चिकित्सा करणे हे विद्यापीठीय विभागांचे काम आहे. कार्यक्रम राबविणाऱ्या यंत्रणेकडून त्याची अपेक्षा धरता येत नाही.

शाळेच्या दाराशी

नाटक शाळेच्या दाराशी थांबते. आत काय शिकविले जाणार, हे ते दाखवीत नाही. त्यासाठी फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेले निवेदन पाहावे लागते. ते प्रौढांविषयी नसून प्रामुख्याने प्राथमिक शिक्षणाविषयी आहे, तरी त्यातील विषयांची निवड बोलकी आहे. बाळबोधीबरोबर मोडीचे वाचनलेखन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य व नीती यांवर त्यांचा भर होता. मोडीचा आग्रह आज जुनाट वाटेल. परंतु त्या काळी सावकाराची खते, वसुलीचे दप्तर व जमिनीचे कागद मोडीत लिहिले जात. बाळबोध वाचता येणारा कुणबीही स्वतःच्या कर्जखतापुढे निरक्षरच ठरला असता. साक्षरता कोणत्या कागदापुढे, हा प्रश्न फुल्यांनी लिपीच्या पातळीवर सोडविला होता. आजच्या साक्षरतेच्या पुस्तिकांत सातबारा उतारा, बँकेचे कर्जमंजुरीपत्र किंवा पीकविम्याचा अर्ज कितव्या पाठात येतो, आणि येतो तरी का, याची तपासणी एम. ए. च्या विद्यार्थ्याला एका प्रबंधिकेत सहज करता येईल.