शेळी कुठे गेली?

‘सत्याचे प्रयोग’ मी पहिल्यांदा वाचलं ते इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, होस्टेलवर. दुधाचा प्रसंग तेव्हा लक्षातही राहिला नव्हता. दुसऱ्यांदा वाचलं ते गेल्या वर्षी. दूध, दही, तूप सोडून मला दीड वर्ष होत आलं होतं. आपल्या बाजूचा एक मोठा साक्षीदार सापडेल अशा आशेनेच पुस्तक उघडलं होतं. साक्षीदार सापडला, पण त्याची साक्ष माझ्या सोयीची नव्हती.

‘व्हीगन’ हा शब्द १९४४ चा. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मित्रांनी व्हीगन सोसायटी काढली, तेव्हा तो घडवला गेला. गांधींनी दूध सोडलं ते त्याच्या बत्तीस वर्षं आधी, १९१२ साली, दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर. सोबत कॅलनबाख होते. कारणं दोन होती. पहिलं ब्रह्मचर्याचं: दुधाने विकार चाळवतात, हा राजचंद्रांकडून आलेला विचार. दुसरं फुंक्याचं: जास्त दूध निघावं म्हणून गाई-म्हशींच्या योनीत हवा फुंकण्याची कलकत्त्याकडची पद्धत. तिच्याबद्दल वाचल्यावर त्यांना दुधाची किळस आली. पहिल्या कारणात गाय कुठेच नाही, दुसऱ्यात ती आहे. ही दोन कारणं गांधी वेगळी करत नाहीत, आणि पुढचा सगळा घोळ तिथेच सुरू होतो असं मला वाटतं.

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरती करत हिंडताना त्यांना आमांश झाला आणि ते मरणाच्या दारापर्यंत गेले. एक महाराष्ट्रीय गृहस्थ, केळकर, बर्फाचे उपचार करायला आले. अंडी दुधाइतकीच निरुपद्रवी असतात, शिवाय निर्बीज अंडीही मिळतात, असं त्यांनी सुचवून पाहिलं. गांधी बधले नाहीत. मग हवापालट म्हणून माथेरानला गेले, पण तिथलं पाणी मानवलं नाही आणि आठवड्याच्या आत परतावं लागलं. मुंबईत डॉ. दलाल आले. दूध घेतल्याशिवाय शरीर भरून निघणार नाही, असं त्यांनी सांगितलं. गांधींनी व्रताची हकिकत सांगितली. कस्तुरबा जवळच उभ्या होत्या. मग शेळीच्या दुधाला तर हरकत नसावी, असं त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी तो धागा लगेच पकडला आणि गांधी हरले. ‘हरले’ हा माझा शब्द, पण त्यांचा सूरही तोच आहे.

या उताऱ्याची दोन वाचनं आपल्याकडे रूढ आहेत. भक्त म्हणतात, पाहा, स्वतःची चूक किती निर्मळपणे कबूल केली. टवाळखोर म्हणतात, पळवाट शोधली आणि वर पश्चात्तापही करून घेतला. दोघेही गांधींच्या चारित्र्याबद्दल बोलतात. मजकूर मात्र फारसा कुणी तपासत नाही.

तो तपासला तर पहिली गोष्ट दिसते ती क्रमाची. दूध का घेतलं? सत्याग्रहाचा लढा हाती घेण्याची तीव्र इच्छा होती, त्यातून जगण्याची इच्छा आली, असं गांधी सांगतात. पण त्याच प्रकरणात पुढे काय आहे? दूध सुरू झालं, डॉ. दलालांनी शस्त्रक्रिया केली, जरा बरं वाटू लागलं, आणि तेव्हा कुठे वर्तमानपत्र चाळताना रौलट समितीचा अहवाल नजरेस पडला. म्हणजे दूध आधी आणि लढा नंतर. आमच्या धंद्यात असं रोज होतं. रात्री दोनला घाईत कोड बदलायचा, आणि तो का बदलला याची भारदस्त नोंद सकाळी लिहायची. नोंद खोटी नसते, फक्त नंतरची असते. आजारी माणसाला जगावंसं वाटलं, एवढं कारण पुरेसं होतं. ते गांधींना पुरेसं वाटलं नाही, हे या उताऱ्यातलं सगळ्यात माणसासारखं ठिकाण आहे.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, पण व्रताचा आशय सगळ्याच प्राण्यांचं दूध हा होता. आपण अक्षर पाळलं आणि आत्मा मारला, असं ते लिहितात. इथपर्यंत ठीक. पुढे ते स्पष्ट करतात की शेळीचं दूध आपल्याला खुपतं ते आहारातल्या अहिंसेच्या दृष्टीने तितकंसं नाही, जितकं सत्याच्या दृष्टीने; कारण तो प्रतिज्ञाभंग आहे. हे वाक्य मी तीनदा वाचलं. फुंक्याने कळवळलेली गाय व्रताच्या सुरुवातीला होती. व्रत मोडल्यावर शेळी मात्र कुठेच नाही. हिशेब फक्त गांधींचा आणि त्यांच्या शब्दाचा उरलाय.

आणि शेळी काही साधी पळवाट नाही. आमच्या मामाच्या गावी, संगमनेर तालुक्यात, गाई-म्हशी ठेवतात त्या डेअरीसाठी. शेळ्या ठेवतात त्या मुख्यतः करडांसाठी. पाट ठेवायची, बोकड वाढवायचा आणि नड आली की बाजारात न्यायचा. मुलांना चहापुरतं दूध निघतं तो वरचा फायदा. ज्या दुधात फुंक्याचा छळ नाही, ते खाटकाच्या दुकानाला सगळ्यात जवळचं दूध आहे. ही गोष्ट गुजरातच्या खेड्यांत हिंडलेल्या माणसाला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पण आत्मकथेच्या या पानावर ती येत नाही, कारण या पानावरचा प्रश्नच वेगळा झालेला आहे.

इतकं लिहून मी ऐटीत थांबलो असतो. पण गेल्या दिवाळीनंतर मामाकडे गेलो होतो. म्हैस नुकतीच व्यालेली. मामीने वाटीत खरवस घालून पुढे केला. तिला माझं काय चाललंय ते नीट माहीत नव्हतं, आणि बाकीच्यांनी ‘हा खात नाही’ म्हणायच्या आत मी वाटी रिकामी केली होती. माझ्या फोनमध्ये दिवस मोजणारं ऍप होतं. ५१२ वर होतं. रात्री अंथरुणात पडून मी ते शून्यावर आणलं, आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं ते त्या आकड्याचं. खरवस म्हणजे रेडकाच्या तोंडचं पहिलं दूध. ते रेडकू भिंतीपलीकडे बांधलेलं होतं. त्याचा आवाज येत होता. त्याची आठवण मला दुसऱ्या दिवशी एसटीत झाली.

त्या दिवसापासून गांधींचं ते वाक्य मला दोष म्हणून वाचता येत नाही. ते निदान म्हणून वाचावं लागतं. प्राण्यासाठी घेतलेलं व्रत हळूहळू स्वतःच्या स्वच्छतेचं व्रत होतं, आणि हे होताना कळत नाही. फरक एवढाच की गांधींनी ते छापून ठेवलं. १९२५ पासून ‘नवजीवन’मध्ये दर आठवड्याला हे लिहिणाऱ्या माणसाला पश्चात्तापाचा विषय नेमका कोणता, हे लपवणं सहज शक्य होतं. अहिंसेच्या नावाने दोन हळवी वाक्यं लिहिली असती तर कुणी हरकत घेतली नसती.

तरी एक तक्रार राहतेच, आणि ती कस्तुरबांची आहे. त्या खोलीत शेळीचं नाव पहिल्यांदा त्यांनी घेतलं. पुस्तकात त्यांचं वाक्य मोहासारखं येतं, ज्याला नायक बळी पडला. पण नवरा मरू नये म्हणून शब्दांतून वाट काढणाऱ्या बाईचा धर्म कोणता होता, हे लेखक विचारत नाही. माझ्या रक्तात ब-१२ कमी निघालं तेव्हा आई म्हणाली होती, “अरे, औषध म्हणून तरी वाटीभर दही खा.” मी तिला विज्ञान ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गोळ्यांची पट्टी आणून ताटाशेजारी ठेवली.

दुधाला तोडीस तोड वनस्पतिजन्य पदार्थ कुणाला माहीत असेल तर कळवावं, असं आवाहन गांधींनी आत्मकथेत केलंय. आणि केवळ आपलं पाहून कुणी दूध सोडू नये, असा इशाराही दिलाय. ब-१२ जीवनसत्त्व शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं ते १९४८ साली. गांधी त्याच वर्षीच्या जानेवारीत गेले. ती पट्टी आज औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळते. त्यामुळे माझं व्रत त्यांच्यापेक्षा कितीतरी सोपं आहे, आणि ते मोडल्यावर मोठा पश्चात्ताप करायचा मला फारसा अधिकार नाही.

ऍप मी काढून टाकलं. दूध अजून घेत नाही. मामाचं ते रेडकू पुढे कुठे गेलं, हे मात्र मी अजून विचारलेलं नाही.