'ला' म्हणजे 'टू' काय? इंग्रजी क्रियापदाच्या कर्मविचाराची एक चिकित्सा

डोंबिवलीहून ठाण्यास रोज लोकलने जाणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यास त्या प्रवासावर इंग्रजीत चार वाक्ये लिहावयास सांगितली, तर त्यांत 'आय रीच्ड टू ठाणे', 'आय एंटर्ड इन द कंपार्टमेंट' किंवा 'वी डिस्कस्ड अबाउट द एक्झामिनेशन' यांपैकी एखादे वाक्य आढळण्याचा संभव पुष्कळच असतो. अध्यापक 'टू', 'इन', 'अबाउट' यांखाली तांबडी रेघ ओढतो आणि समासात 'शब्दयोगी अव्ययाची चूक' असा शेरा लिहितो. वाक्ये प्रमाण इंग्रजीस धरून नाहीत, हे खरे. परंतु चूक शब्दयोगी अव्ययाची आहे, हे निदान स्वीकारता येत नाही. 'टू' या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्यास अवगत आहे. 'आय केम टू ठाणे' असे तो बिनचूक लिहितो. त्याला अवगत नाही ती 'रीच' या क्रियापदाची अपेक्षा. 'कम' या क्रियापदास गंतव्य स्थान 'टू'च्या द्वारा हवे असते, 'अराइव्ह' यास 'अ‍ॅट' किंवा 'इन' यांच्या द्वारा, आणि 'रीच' यास तेच स्थान साक्षात् कर्म म्हणून हवे असते. तिन्ही क्रियापदांचा अर्थ जवळचा असून तिघांची मागणी निरनिराळी आहे.

या चुकांची जी उपपत्ती वर्गात सामान्यतः सांगितली जाते, ती मातृभाषेच्या प्रभावाची होय. मराठीत 'ठाण्याला पोहोचलो', 'डब्यात शिरलो', 'परीक्षेविषयी चर्चा केली' असे म्हणतात. म्हणून 'ला'चा 'टू' झाला, 'त'चा 'इन' झाला आणि 'विषयी'चा 'अबाउट' झाला. ही उपपत्ती सोपी आहे आणि काही अंशी खरीही आहे. परंतु तिला सर्वस्व मानले की तिच्यातील उणीव दिसू लागते. तोच विद्यार्थी 'त्याने मला सांगितले' यासाठी 'ही टोल्ड टू मी' असे लिहितो आणि 'मला गणित समजावून सांगा' यासाठी 'एक्सप्लेन मी द सम' असे लिहितो. दोन्ही मराठी वाक्यांत 'ला' एकच आहे. पहिल्या ठिकाणी नको असलेला 'टू' आला, दुसऱ्या ठिकाणी हवा असलेला गळाला. मातृभाषेचा प्रभाव हेच एकमेव कारण असते, तर दुसरे वाक्य शुद्ध उतरावयास हवे होते. कारण 'एक्सप्लेन' या क्रियापदास ऐकणाऱ्या व्यक्तीपूर्वी 'टू' लागतोच. येथे मराठी योग्य वाट दाखवीत होती. विद्यार्थ्याने ती सोडली, ती 'गिव्ह मी', 'शो मी', 'टेल मी' ही इंग्रजी वाक्ये पाहून. त्याने 'एक्सप्लेन' यास 'टेल'च्या पंक्तीस बसविले. हा गैरसमज इंग्रजीच्या अंतर्गत आहे. शिवाय 'डिस्कस अबाउट' हा प्रयोग नायजेरिया आणि सिंगापूर येथील इंग्रजीतही आढळतो. तेथील लोकांची मातृभाषा मराठी नव्हे, हे सांगावयास नको.

मग 'डिस्कस'नंतर 'अबाउट' येतो कोठून? 'डिस्कशन' या नामापुढे 'अबाउट' येणे शुद्ध आहे. 'एम्फसिस' या नामापुढे 'ऑन' हवाच असतो, 'एम्फसाइझ' या क्रियापदापुढे तो नको असतो. 'एंट्री'पुढे 'इंटू' येतो, 'एंटर' मात्र स्थानास सरळ कर्म करून घेते. इंग्रजीचे नाम आणि क्रियापद यांच्या मागण्या अशा भिन्न आहेत. मराठीत मात्र 'चर्चा करणे', 'भर देणे', 'प्रवेश करणे' असे नाम आणि साहाय्यभूत क्रियापद मिळूनच क्रिया सिद्ध होते. साहजिकच 'विषयी', 'वर' किंवा 'त' यांची अपेक्षा त्यातील नामाकडून येते. म्हणजे मराठीची घडण आणि इंग्रजी नामाची घडण अशा दोन्ही बाजूंनी विद्यार्थी एकाच चुकीकडे लोटला जातो. ही चूक इतकी चिवट का, याचे उत्तर येथे शोधावयास हवे.

हा विचार आमच्या व्याकरणपरंपरेस अपरिचित होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, मोरो केशव दामल्यांचे १९११ साली. दामल्यांनी विभक्ती आणि कारक यांच्या संबंधाचा ऊहापोह विस्ताराने केला आहे. तथापि शाळेत उतरले ते विभक्तीचे कोष्टक: चतुर्थी म्हणजे 'टू' किंवा 'फॉर', पंचमी म्हणजे 'फ्रॉम', सप्तमी म्हणजे 'इन' किंवा 'ऑन'. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी घरांतील कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकविले. ते ऋण मोठे आहे. परंतु भाषांतरपद्धतीचा स्वभावच असा, की तीत प्रत्ययाला प्रत्युत्तर म्हणून शब्द शोधला जातो आणि क्रियापद केवळ अर्थापुरते उरते.

पाणिनीची दृष्टी याहून सूक्ष्म होती. भीतीच्या अर्थाचे धातू, रुचण्याच्या अर्थाचे धातू असे धातूंचे वर्ग करून त्याने कारके सांगितली आहेत. त्याचा एक नियम प्रस्तुत विषयास फारच उपकारक आहे. 'शी', 'स्था' आणि 'आस्' या धातूंच्या क्रियेचे स्थान एरवी अधिकरण ठरते. 'अधि' उपसर्ग लागताच तेच स्थान कर्म होते. 'एंटर द कंपार्टमेंट' यातील डब्याचे तरी दुसरे काय झाले आहे? संस्कृत घेऊन बी.ए. झालेल्या विद्यार्थ्यास हे साम्य दाखविले, तर त्याला 'एंटर' वेगळे पाठ करावे लागणार नाही. आश्चर्य एवढेच, की संस्कृतचा आणि इंग्रजीचा वर्ग एकाच जिन्यावर असूनही हे साम्य क्वचितच दाखविले जाते.

पाश्चात्त्य अभ्यासकांपैकी हॉर्नबी याने १९५४ च्या आपल्या पुस्तकात इंग्रजी क्रियापदांचे पंचवीस साचे मांडले. वाक्यरचनेची किल्ली क्रियापदाकडे आहे, हे अध्यापकांच्या गळी उतरविण्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. परंतु अमुक क्रियापद अमुक साच्यात का, हे तो सांगत नाही, यादी देतो. बेथ लेव्हिन यांच्या १९९३ च्या ग्रंथात तीन हजारांहून अधिक क्रियापदांचे वर्ग अर्थ आणि रचना यांची सांगड घालून केलेले आहेत. 'रॉब' आणि 'स्टील' यांचा भेद पाहावा. चोरी एकच, परंतु 'रॉब' ज्याचे गेले त्या माणसास कर्म करते आणि गेलेली वस्तू 'ऑफ'ने जोडते, 'स्टील' वस्तूस कर्म करते आणि माणूस 'फ्रॉम'ने जोडते. मराठीत 'चोरणे' वस्तूचेच. 'लुटणे' मात्र 'प्रवाशांना लुटले' आणि 'दागिने लुटले' अशा दोन्ही प्रकारे चालते. 'दे रॉब्ड हिज पर्स' हे वाक्य या मोकळीकीतून जन्मते. शब्दयोगी अव्यय येथे एकही नाही, तरी दोष तोच आहे. समासातील तो नेहमीचा शेरा अध्यापक येथे कोठे लिहिणार?

उलट दिशेचा पुरावा कल्याण-डोंबिवलीच्या फलाटांवर रोज कानी पडतो. ठाण्यास पहिली गाडी १८५३ साली आली, कल्याणास १८५४ साली. 'माझी गाडी चुकली' ही रचना मराठीने स्वतःच्या स्वभावाने घडविली. इंग्रजीत माणूस कर्ता आणि गाडी कर्म. मराठीत गाडीच कर्ता, माणूस षष्ठीत. आता 'माझी लोकल मिस झाली' असे ऐकू येते. शब्द इंग्रजीचा आला, रचना हलली नाही. 'मी ठाण्याला रीच झालो' हे तर त्याहून बोलके आहे: इंग्रजीतील सकर्मक 'रीच' येथे 'होणे'च्या आधाराने अकर्मक झाले आणि त्याने 'ला' परत मिळविला. 'मिस' मात्र एवढ्यावर थांबलेले नाही. 'मी लोकल मिस केली' असेही बोलले जाते. 'डिस्कस' तर स्पष्टच दोन मनांचे आहे. 'त्या मुद्द्यावर डिस्कस केलं' असे एकजण म्हणतो, 'तो मुद्दा डिस्कस केला' असे दुसरा. दुसऱ्या वाक्यात क्रियापदाचे लिंग मुद्द्याला अनुसरते, म्हणजे मुद्दा निश्चित कर्म झाला आहे. या दुसऱ्या प्रयोगाची सवय असलेला विद्यार्थी इंग्रजी लिहिताना 'अबाउट' कमी वापरतो काय, हे त्याच्या वह्या आणि त्याचे बोलणे शेजारी ठेवून तपासता येण्यासारखे आहे.