सोन्नलिगेचा सिद्धराम : दोन ग्रंथ आणि एक तळे

मध्ययुगीन मठाधिपतींचा अभ्यास करू पाहणाऱ्यास आरंभीच एक विषमता जाणवते. ज्यांच्या गुरुशिष्यपरंपरा शिलालेखांनी पिढ्यान् पिढ्या नोंदवून ठेविल्या, त्यांचे मठ बहुधा मातीस मिळाले आहेत. आणि ज्याच्याविषयी आपण मुख्यतः काव्यांच्या व वचनांच्या आधारे बोलतो, त्या सोलापूरच्या सिद्धरामाचे तळे भरलेले आहे, लिंगे पूजेत आहेत आणि यात्रा भरते आहे. या विषमतेमुळे एक प्रश्न उपस्थित होतो. मठाधिपती मागे ठेवून गेलेल्या खुणा वाचताना ग्रंथावर किती विसंबावे आणि ग्रंथ वाचताना त्या खुणांकडे किती पाहावे? सिद्धरामाविषयीच्या लेखनात या प्रश्नाचा विचार पुरेसा झालेला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पहिल्या प्रकारचे उदाहरण म्हणून बळ्ळिगावे येथील कोडियमठ घ्यावा. हे स्थळ आज कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात मोडते. तेथील केदारेश्वराचे देवालय उभे आहे. परंतु त्याच्याशी संलग्न असा जो कालामुख आचार्यांचा मठ होता, तो केवळ लेखांतून उरला आहे. केदारशक्ती, श्रीकंठ, सोमेश्वर, विद्याभरण, गौतम, वामशक्ती ही आचार्यांची नावे त्या लेखांनी जपली आहेत. इ. स. ११६२ च्या लेखात मठाचे जे वर्णन येते ते दक्षिणेतील मठजीवनाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. चार वेद, निरनिराळी व्याकरणे, दर्शने, लाकुल सिद्धांत, पातंजल योग, पुराणे, काव्य, नाटक या सर्वांच्या अध्ययनाचे हे स्थान. येथे दीन, अनाथ, अंध यांना अन्न मिळते. येथे रोग्यांवर उपचार होतात. निरनिराळ्या पंथांचे भिक्षू आणि गाणारे-नाचणारेही येथून रिक्तहस्ते जात नाहीत. प्रशस्ती म्हटली की अतिशयोक्ती आलीच, असे म्हणून हे वर्णन बाजूस सारण्याचा मोह होतो. तथापि प्रशस्तिकारास ज्या गोष्टींचा गौरव करावासा वाटला, त्यांची निवडही बोलकी असते. चमत्कार आणि सिद्धी यांऐवजी त्याने पाठशाळा, अन्नछत्र आणि औषधोपचार यांचा पाढा वाचला आहे.

याच कालामुखांविषयी डॉ. रा. गो. भांडारकर यांनी १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वैष्णव व शैव पंथांवरील ग्रंथात जे लिहिले, ते मुख्यतः रामानुजांच्या परंपरेतील वर्णनावर आधारलेले होते. त्या वर्णनातील कालामुख कवटीतून अन्न खाणारा आणि चिताभस्म फासणारा आहे. डेव्हिड लॉरेन्झन यांनी १९७२ मध्ये शिलालेखांची साक्ष काढून हा गैरसमज बऱ्याच अंशी दूर केला. प्रतिपक्षाने रेखाटलेले चित्र आणि दगडावरील नोंद यांत इतके अंतर पडू शकते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयाची आहे. आणखी एक लहानशी नोंदही येथेच सांगून टाकतो. कोडियमठाच्या विद्याभरण या आचार्याने मठाचा कारभार हा विद्यानंदातील व्यत्यय मानून तो दुसऱ्याच्या हाती सोपविला, असे लेख सांगतो. मठाधिपतीच्या मनातील हा पेच, म्हणजे एका हाती जमिनी, दाने व शिष्यवर्ग आणि दुसऱ्या हाती ग्रंथ व ध्यान, सिद्धरामाच्या कथेत निराळ्या रूपाने पुन्हा भेटतो.

मराठी मुलखाला ही मठव्यवस्था परकी नव्हती. शिलाहार रट्टराजाच्या खारेपाटण ताम्रपटात (शके ९३०, इ. स. १००८) अव्वेश्वराच्या देवालयासाठी ग्रामदान आले आहे आणि ते मत्तमयूर परंपरेतील कर्करोणी शाखेच्या आचार्याकडे सोपविलेले आहे. देवपूजेबरोबर तपस्व्यांचे अन्नवस्त्रही त्या दानाच्या हेतूंत समाविष्ट आहे. सोलापूरच्या अधिक जवळ यावयाचे तर, ज्या बिज्जळाचे नाव बळ्ळिगाव्याच्या ११६२ च्या लेखाशी निगडित आहे त्या कलचुरी घराण्याचे मूळ ठाणे मंगळवेढे होय. म्हणजे कालामुख आचार्यांना दान देणारा राजा आणि कल्याणच्या शरणांचा राजा एकच होता, आणि त्याच्या घराण्याची पाळेमुळे आजच्या सोलापूर जिल्ह्यात होती. सिद्धराम याच राजवटीतला. त्याच्या चरित्राला अशी मठांची, दानांची आणि देवालयांची पार्श्वभूमी आहे, हे विसरून ते केवळ भक्तिकथा म्हणून वाचणे योग्य नव्हे.

सिद्धरामाच्या चरित्राची स्थूल रेषा सर्वपरिचित आहे. मुद्दगौडा व सुग्गव्वा यांचा हा मुलगा. गुरे राखणारा, अबोल. शेतात आलेला जंगम त्याच्याकडे खावयास मागतो आणि मुलगा घरून अन्न घेऊन परतेपर्यंत नाहीसा होतो. त्या मल्लय्याच्या शोधात मुलगा श्रीशैलास जातो, कड्यावरून देह टाकू पाहतो, तेथे देव त्याला आवरतो. आणि परत येऊन तो सोन्नलिगेस दुसरे श्रीशैल उभारतो. कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाची स्थापना, गावाभोवतीची अडुसष्ट लिंगे आणि विस्तीर्ण तळे ही त्याची कार्ये. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ हीच त्याच्या वचनांची नाममुद्रा होय. रूढ अर्थाने तो कोणा जुन्या मठाच्या गादीवर बसलेला उत्तराधिकारी नव्हे; आपले क्षेत्र त्याने स्वतः घडविले.

हे चरित्र दोन ग्रंथांनी दोन प्रकारे सांगितले आहे. तेराव्या शतकातील राघवांकाने षट्पदी छंदात ‘सिद्धरामचारित्र’ रचले. राघवांक हा हरिहर कवीचा भाचा व शिष्य. त्याच्या काव्याचा भर क्षेत्रनिर्मितीवर आहे. श्रीशैलाच्या वाटेवरील बालकाची व्याकुळता हा त्या काव्याचा सर्वांत हृद्य भाग खरा. परंतु कवीच्या दृष्टीने त्या व्याकुळतेची परिणती सोन्नलिगेत होते. देव भेटला म्हणजे काय झाले, तर एका कोरड्या मुलखातील गावास पाणी मिळाले आणि ते गाव क्षेत्र झाले. राघवांकाचा सिद्धराम बांधणारा आहे, आणि बांधणे हेच त्याचे योगित्व आहे.

पंधराव्या शतकात ‘शून्यसंपादने’ हा वचनांचा संवादग्रंथ सिद्ध झाला आणि पुढे त्याच्या आणखी संपादना झाल्या. शिवगणप्रसादी महादेवय्या, हलगेयार्य, गुम्मळापूरचा सिद्धलिंगयती आणि गूळूरचा सिद्धवीरण्णा असे चार संपादक मानले जातात. यातील सिद्धरामप्रकरण नाट्यदृष्ट्या अत्यंत प्रभावी आहे. अल्लमप्रभू सोन्नलिगेस येतो, तेव्हा तळ्याचे काम चालू असते. तो सिद्धरामाचा ‘ओड्डराम’ असा, म्हणजे दगडमाती उपसणाऱ्या वड्डरांतला राम असा, हेटाळणीने उल्लेख करतो. कामावरची माणसे संतापून त्याच्यावर दगड फेकतात; सिद्धराम स्वतः क्रोधाने धावून येतो; वाद होतो; आणि तळे, देऊळ, लिंगस्थापना ही बाह्य कर्मे असून त्यांनी आत्मज्ञान होत नाही, हे त्याला उमगते. पुढे तो कल्याणास जातो, चेन्नबसवण्णाकडून इष्टलिंगाची दीक्षा घेतो आणि अल्लमप्रभू व चेन्नबसवण्णा यांच्यानंतर शून्यसिंहासनाचा तिसरा अधिपती होतो.

समीक्षकांनी या दोन चित्रांची सांगड सहसा विकासक्रमाच्या रूपाने घातली आहे. आधी कर्मयोगी, मग ज्ञानयोगी. आधी तळे खणणारा, मग तळ्याची व्यर्थता जाणणारा. ही मांडणी सुबक आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने संशयास्पद आहे. तिच्यात उत्तरकालीन ग्रंथास शेवटचा शब्द मिळतो आणि पूर्वकालीन काव्य नायकाच्या अपक्व अवस्थेचे वर्णन ठरते. राघवांकाने अपक्व सिद्धराम रंगविला आहे, असे त्याचे काव्य वाचून कोणासही वाटणार नाही. सिद्धरामाच्या नावावर असलेल्या हजाराहून अधिक वचनांत अंतर्मुखतेचा सूर प्रबळ आहे, हे मान्य. पण त्या वचनांचा क्रम आणि त्यांना मिळालेले प्रसंग पुष्कळदा संपादकांनी लावलेले आहेत. वचनास प्रसंग देणारा संपादक हा चरित्रकारच असतो.

‘शून्यसंपादने’ कोणासाठी रचली गेली, हे येथे विचारावयास हवे. विजयनगरच्या काळात विरक्त मठांची संघटना आकारास येत होती. गुम्मळापूरचा सिद्धलिंगयती हा तोंटद सिद्धलिंगांच्या शिष्यवर्गातला, आणि तोंटद सिद्धलिंगांची गणना शून्यपीठाच्याच परंपरेत होते. या मठांना आपली गादी अल्लमप्रभूपर्यंत अखंड पोचवावयाची होती. अशा परंपरेत सोन्नलिगेचा स्वयंभू सिद्ध सामावून घ्यावयाचा, तर त्याने आपले क्षेत्र सोडून कल्याणास येणे आणि तेथे दीक्षा घेणे कथेच्या दृष्टीने अपरिहार्यच होते. दीक्षेचा प्रसंग घडलाच नाही, असे यावरून म्हणता येणार नाही. परंतु त्या प्रसंगाला ग्रंथात जे केंद्रस्थान लाभले आहे, त्यामागे गादीचा इतिहास लिहिणाऱ्यांची गरज आहे, हे नाकारणे कठीण आहे. बळ्ळिगाव्याच्या आचार्यांनी आपली परंपरा दगडावर कोरविली. विरक्तांनी ती संवादात गुंफिली. हेतू एकच.

गंमत अशी की, तळ्याला गौण ठरविणाऱ्या या ग्रंथानेच तळे खणणारे हात आपल्या डोळ्यांपुढे उभे केले. ‘ओड्डराम’ या एका हेटाळणीच्या शब्दात किती सामाजिक वास्तव साठले आहे! मठाधिपतीचे काम वड्डरांच्या कामाशी एकरूप झालेले होते आणि त्याचा अपमान झाला असता दगड उचलणारे लोक त्याच्या भोवती होते. प्रशस्तिकारांना असे काही सुचत नाही.

बाह्य निर्मिती आणि अंतर्यामीचा शोध यांतील हा कलह केवळ कानडी-मराठी मुलखापुरता नव्हता. याच बाराव्या शतकात फ्रान्समध्ये साँ-दनीच्या मठाचा अधिपती सुजे (११२२ ते ११५१) आपल्या मठाच्या देवालयाचा रत्नजडित, प्रकाशमान जीर्णोद्धार करीत होता. ११४४ मध्ये त्याच्या नव्या भागाचे समर्पण झाले. दुसरीकडे क्लेर्व्होचा मठाधिपती बर्नार मठांतील सोन्याचांदीवर आणि कोरीवकामावर कोरडे ओढीत होता. साम्य फार ताणू नये. एक फरक मात्र मोलाचा आहे. सुजेने आपल्या बांधकामाची हकीकत स्वतः लिहून ठेविली, म्हणून बर्नारच्या टीकेस प्रतिवादी आहे. सोन्नलिगेच्या वादात अल्लमप्रभूच्या तोंडी तेजस्वी वचने आहेत. तळे बांधणाऱ्याच्या बाजूने बोलणारा मुख्य साक्षीदार ते तळेच होय.

म्हणून तळ्याकडे वळावयाचे. आजचे सिद्धेश्वर मंदिर तळ्याच्या मध्यभागी आहे. बहामनी काळातील भुईकोट किल्ल्याची एक बाजू याच तळ्यास लागून आहे आणि किल्ल्याच्या आत जुन्या देवालयाचे अवशेष आहेत. राजसत्ता बदलली, देवालय तटाच्या आत गेले, तरी पाणी होते तेथेच राहिले. प्रतिवर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा भरते. त्या वेळी बाराबंदी घातलेले भक्त सात नंदिध्वज उचलून नगरप्रदक्षिणा करतात आणि अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्याजवळ अक्षतासोहळा होतो. कुंभारकन्येने सिद्धरामाशी विवाहाची इच्छा धरली आणि त्याने तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास संमती दिली, ही त्यामागील कथा. तिसऱ्या दिवशी होम होतो.

हा विधी बाराव्या शतकाचा जसाच्या तसा दस्तऐवज आहे, असे समजणे भाबडेपणाचे होईल. उत्सव हे काळानुसार घडत जातात. तरीही सिद्धरामाचे तिसरे चरित्र म्हणून तो वाचणे अगत्याचे आहे. या चरित्रात कल्याण नाही, वादविवाद नाही, शून्यसिंहासनही नाही. अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा म्हणजे राघवांकाच्या क्षेत्राची दरवर्षी पायांनी केलेली आवृत्तीच होय. आणि जो योगी संसाराबाहेरचा, त्याला गाव दरवर्षी नवरदेव करते. तेही स्वतः त्याला बोहल्यावर न चढविता, त्याच्या दंडाकरवी. ब्रह्मचर्यही राखले आणि आप्तसंबंधही जोडला. मठाधिपतीला गावाचा जावई करण्याची ही युक्ती कोणा संपादकास सुचली नसती.

सोलापूर जिल्ह्यातील शिलालेखांचे श्रीनिवास रित्ती व आनंद कुंभार यांनी केलेले संपादन उपलब्ध असतानाही मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासात या सामग्रीला अद्याप हक्काची जागा मिळालेली नाही. कारण उघड आहे: लेख बहुतांशी कानडी, काव्ये कानडी, वचने कानडी. वस्तुतः भीमा-सीनेच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथे शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख आहे आणि तो वाचणाऱ्यास विजय चिंतितो. तोही याच मुलखात, शिवालयातच कोरला गेला आहे. दोन्ही भाषा एकाच देवळाच्या तुळईखाली वावरत होत्या. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाविषयी लिहिताना दक्षिणेकडील साधने ज्या निःसंकोचपणे हाताळली, तसाच निःसंकोचपणा सिद्धरामाच्या बाबतीतही हवा. त्यासाठी हळेगन्नडाचा परिचय करून घेण्याचा खटाटोप विद्यार्थ्याला करावाच लागेल.

गावाच्या नावाचाही असाच मागोवा घेण्याजोगा आहे. कलचुरी व यादव काळात ते सोन्नलिगे किंवा सोन्नलगी; मोहोळ तालुक्यातील कामती येथील शके १२३८ च्या संस्कृत लेखात सोनलिपूर; किल्ल्यातील एका लेखात सोनलपूर, तर तेथील विहिरीवरील लेखात संदलपूर. सोळा गावांचे मिळून सोलापूर झाले, ही व्युत्पत्ती लोकांच्या तोंडी घट्ट बसली आहे. लेखांतील ही रूपे ओळीने मांडली असता तिला आधार उरत नाही. प्रत्येक राजवटीने नाव आपल्या जिभेवर घोळवून घेतले, पण त्यातला ‘सोन्नल’चा अंश पुसून टाकणे कोणासच साधले नाही.