साचा तोच, रंग नवा: ‘हॉट परस्यूट’चं रीमास्टर

पेणच्या गणपती कारखान्यांत एकाच साच्यातून कितीतरी मूर्ती निघतात. रंगकाम आणि डोळ्यांची आखणी झाली की प्रत्येक वेगळी दिसते. गेमचं रीमास्टर म्हणजे साधारण हेच: साचा जुना, रंग नवा. साचाच नव्याने घडवला तर तो रीमेक. हा फरक लक्षात ठेवून ‘नीड फॉर स्पीड: हॉट परस्यूट रीमास्टर्ड’कडे बघूया. संशोधनाला लागणारी एक सवय इथे छान कळते.

मूळ गेम क्रायटेरियनचा, 2010 चा. स्टेलर एंटरटेनमेंटच्या साथीने तो नोव्हेंबर 2020 मध्ये परत आला. पीएस4 प्रोवर दोन पर्याय मिळतात: 4के चित्र सेकंदाला 30 फ्रेम्सनी, किंवा 1080पी चित्र 60 फ्रेम्सनी.

तुम्ही म्हणाल, फ्रेम्स दुप्पट केल्या, त्यात काय विशेष? समजा, ‘गाडी दर फ्रेमला 1 मीटर पुढे’ असं गणित लिहिलंय. 30 फ्रेम्सना वेग ताशी 108 किलोमीटर. 60 केल्या की तीच गाडी 216 ने धावेल! ‘नीड फॉर स्पीड: रायव्हल्स’च्या (2013) पीसी आवृत्तीत लोकांनी 30 ची मर्यादा काढली, तेव्हा अख्खा गेमच दुप्पट वेगाने पळायला लागला. म्हणून ‘फक्त ग्राफिक्स बदललं’ हा दावा तपासावाच लागतो. ‘हॉट परस्यूट’ इथे पास होतो: वळणावर ब्रेक हलकेच दाबून गाडी घसरवायची ती जुनी मजा तशीच आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. नवा रंग इतका जपून दिलाय की बऱ्याच ठिकाणी जुनं-नवं पटकन ओळखू येत नाही, आणि तुलनेची सोय गेममध्ये नाहीच. ‘हॅलो’च्या 2011 च्या ॲनिव्हर्सरी आवृत्तीत एक बटण दाबलं की खेळता खेळता जुनं ग्राफिक्स समोर येतं. प्रयोगात आपण ज्याला कंट्रोल म्हणतो, तो हाच. तो नसेल तर सुधारणा आठवणीवर मोजावी लागते, आणि आठवणीतला गेम असतो त्यापेक्षा सुंदरच दिसतो.

पेण-रोह्याकडून एम.एस्सी. करून पीएचडीकडे वळणाऱ्यांनो, जुन्या पेपरमधला प्रयोग नव्या उपकरणावर करणार असाल, तर वहीत आधी दोन रकाने आखा: काय बदललं, काय तसंच ठेवलं. आणि जुनं उपकरण भंगारात जायच्या आत त्याच नमुन्याची काही रीडिंग्ज त्यावर घेऊन ठेवा.